पऱ्हाटीच्या भट्टीवरची मंडळी

सिंदी मेघेतल्या आमच्या हौशी कुंभारकामाच्या शेडमागे फुटक्या भांड्यांचा ढीग वाढतच असतो. किश्शांचंही तसंच. भांडी निदान कुटून पुन्हा मातीत मिसळता येतात. किस्से कोणी विसरत नाही, आणि बहुतेक माझेच असतात!

तळ्याची माती, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं जळण, आणि घरात रोज वापरता येईल असंच भांडं, हा आमचा नेम. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. चाकावर गोळा ठेवला की शंका सुरू. पाणी कमी झालं का? की जास्त?

भाजीपाला पिकवणाऱ्या सुशीलाबाई एकदा म्हणाल्या, "सर, तुमचा इचार होईस्तोवर माती वाळून राह्यली!"

* * *

सुशीलाबाईंनी केलेला चहाचा कप म्हणजे लोटाच.

"एवढा मोठा काऊन?" मी विचारलं.

"आमच्याकडं पाहुण्याले अर्धा कप देत नाई!"

भट्टीतून निघाल्यावर त्यांनी मला त्यातच चहा दिला. अर्धा.

"भरला तं उचलवत नाई," त्या हळूच म्हणाल्या.

* * *

गजाननभाऊंचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. त्यांनी बरणी केली, ती वाळल्यावर तिच्या मापाने ओल्या मातीचं झाकण केलं. वाळताना झाकण आटलं आणि थेट बरणीत पडलं!

"भाऊ, दुकानात तं छातीठोक सांगता, आटणार नाई म्हणून!" सुशीलाबाईंनी टोकलं.

"गिऱ्हाईक परत आलं तं मी त्यालेच म्हणतो, तुम्ही सुटले. आता झाकणाले कसं सांगू, बरणी सुटली म्हणून?"

* * *

माझी इच्छा एकच होती. मी केलेलं एखादं भांडं आमच्या हिने स्वयंपाकघरात वापरावं. ही स्टीलवाली. माझी भांडी आल्याआल्या माळ्यावर जात.

शेवटी एक वाटी जमली. दह्यासाठी. हिने ती उलटसुलट पाहिली, पाणी भरून दिवसभर ओट्यावर ठेवली. संध्याकाळी म्हणाली, "अशाच आणखी तीन करा."

शेडमध्ये जल्लोष! गजाननभाऊंनी पेढे आणले. मी मात्र घाबरलो. तशाच जमतील का? किती मोडल्या, विचारू नका. पण जमल्या.

तिन्ही हिच्या हातात दिल्या आणि सकाळी दह्याच्या आशेने स्वयंपाकघरात गेलो. दूध ठेवायच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय माझ्या चार वाट्यांत उभे होते. वाट्यांत काठोकाठ पाणी.

"मुंगी नाई चढली एकही," ही कौतुकाने म्हणाली. "पहिल्यांदा कामाचं काही केलं हो तुम्ही!"