युवराजाला काय म्हणावं

तेरच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी लंडनच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथं युवराज भेटीला येणार होते, म्हणून तिनं फोन केला. "सर, त्यांना काय म्हणायचं?" मला माहीत नव्हतं. तरी ठामपणे म्हणालो, "युवर मॅजेस्टी."

ते फक्त राजा-राणीला म्हणतात. युवराजाला आधी 'युवर रॉयल हायनेस' आणि नंतर नुसतं 'सर'. फोन ठेवल्यावर मी हे पुस्तकात वाचलं, पण माझं चुकलं असं कळवायला परत फोन केला नाही.

यंदा ती सुट्टीवर आली, तेव्हा गावानं तिचा सत्कार केला. गुरू म्हणून मलाही शाल दिली. तिनं भेटीचा किस्सा सांगितला: ती 'युवर मॅजेस्टी' म्हणाली, तेव्हा ते फक्त राजाला म्हणतात असं तिला तिथं सांगितलं गेलं. तसे सरपंच म्हणाले, "बाप जिता असताना पोराला गादीवर बसवलंस की गं!" सगळे हसले.

ती ओशाळून म्हणाली, "सरांनी बरोबरच सांगितलं असंल. मीच लई घाबरले होते."

आणि मी, शाल पांघरून, मान डोलावली.

उद्या ती परत निघते. त्याआधी हा कागद तिच्या हातात द्यायचा आहे. सरपंचांनाही मीच वाचून दाखवीन.