परसातली झाडं आणि पेठेतलं दुकान

माझा भाऊ अण्णा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवरून परत आला, तेव्हा माझं लग्न होऊन मी निपाणीतच नांदत होते. माहेर हाकेच्या अंतरावर. आई-वडील दोघंही तो लढाईवर असतानाच गेले, त्यामुळे त्या घरात वैनी एकटीच राहिली होती. नवरा जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना तिनं तंबाखूचं शेत राखलं, म्हैस सांभाळली. तो दारात उभा राहिला आणि पाय धुवायला पाणी आणताना तिच्या हातून घागर निसटली. सगळी ओली झाली आणि हसत सुटली.

अण्णाला बाहेरून काही झालेलं नव्हतं. हातपाय शाबूत होते. पण त्याची झोप गेली होती. डोळा लागला की ओरडत उठायचा. दिवसा शेजारी कुणी कवाड आपटलं तरी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि कितीतरी वेळ तिथून हलायचा नाही. वैद्य झाले, देवऋषी झाले, चिकोडीच्या डॉक्टरांनी बाटलीतलं औषध दिलं. कशानंच उतार पडेना. मग गावाबाहेरच्या मठात उतरलेल्या एका बैराग्यानं त्याला गांजाची चिलीम दिली, आणि त्या दुपारी अण्णा मठाच्या ओसरीवर दिवेलागणीपर्यंत झोपला. बोलावायला गेलेल्या वैनीनं त्याला उठवलं नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली.

गांजा तेव्हा चोरून मिळायची वस्तू नव्हती. पेठेत सरकारमान्य दुकान होतं. दारावर पाटी, खिडकीला गज, आत तराजू. ज्याला पाहिजे त्यानं जावं आणि उघड घ्यावा. पण अण्णाला तिथं जायला जड जाई. लष्करातून आलेला माणूस म्हणून लोक त्याला रामराम करत, आणि त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत त्या खिडकीशी उभं राहायची त्याला लाज वाटे. बैरागी पुढं जायला निघाला तेव्हा त्याच्याकडून अण्णानं बी मागून घेतलं आणि गोठ्यामागं, एरंडाच्या आडोशाला लावलं. झाडं पुरुषभर वाढली. त्यांचा उग्र वास परसात शिरल्याबरोबर यायचा.

झोप आली, ओरडणं थांबलं. पण हळूहळू वैनीचं तोंड पुन्हा उतरलं. तंबाखू खुडायला आला होता आणि अण्णा गोठ्याच्या सावलीत बसून असायचा. हाक मारली तर ओ द्यायचा, पण आपण काय विचारलं ते विसरून जावं इतक्या वेळानं. एकदा मी ताक घेऊन गेले तर वैनी चुलीपुढं बसली होती आणि चूल विझलेली.

"झोपतात हे खरं हाय वन्सं," ती म्हणाली, "पर जागं म्हनून कधी हुतच न्हाईत. लढाईवर हुतं तवा निदान येतील अशी आशा तरी हुती."

मी म्हटलं, "तू त्याला सांगून बघ."

"लई सांगितलं. व्हय व्हय म्हनतात."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती पाटलाकडं गेली. मला तिनं आधी विचारलं नव्हतं. तिच्या मनात एवढंच होतं की गावचा मोठा माणूस येईल, चार शब्द सुनावेल, झाडं उपटून टाकेल, आणि अण्णा पुन्हा पहिल्यासारखा होईल. पाटलानं तिला धीर दिला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं वर कळवलं. आबकारीचा जमादार शिपाई घेऊन आला, पंचनामा झाला, विनापरवाना लागवड म्हणून झाडं मुळासकट गाडीत घातली, आणि त्याच गाडीत अण्णाला बसवलं. वैनी गाडीमागं वेशीपर्यंत धावली. "झाडं न्या, त्यांना का नेता?" असं ती जमादाराला विचारत होती. त्यानं गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखू उभा होता. त्या तंबाखूला कुणी काही विचारलं नव्हतं.

चिकोडीच्या कोर्टात मी आणि माझे यजमान गेलो होतो. वैनी आमच्यामागं पदर ओढून उभी होती. साहेबांनी विचारलं, झाडं तुझी का. अण्णा म्हणाला, "व्हय, मीच लावली."

"सरकारी दुकान असताना घरी का लावली?"

लाज वाटली हे अण्णाला सांगता आलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कायद्यात तिला जागा नव्हती. दुकानातला ओढला असता तर तो सरकारचं गिऱ्हाईक ठरला असता, परसातला ओढला म्हणून आरोपी. मग जमादारानं हकीगत सांगितली आणि सांगता सांगता म्हणाला की खबर आरोपीच्या घरातूनच आली. अण्णानं मान वळवून मागं बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. वैनी मात्र तिथंच खाली बसली. काही महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि त्याला बेळगावच्या तुरुंगात नेलं.

तो सुटून आला तेव्हा ओळखू येत नव्हता. खोकला लागला होता आणि हनुवटी सारखी थरथरायची. वैनी त्याच्यासमोर यायला धजत नव्हती. ताट वाढून आत जायची. शेवटी एके दिवशी माझ्यादेखत तिनं विचारलं, "तुमी मला काय बोलत का न्हाई? मारा तरी."

अण्णा म्हणाला, "तू काय वंगाळ केलं न्हाईस."

यापलीकडं त्या दोघांत तो विषय कधी निघाला नाही.

चिलीम त्यानं सोडली होती. वैनीसाठीच सोडली असावी. पण पहिलं दुखणं दुप्पट होऊन परत आलं. एका सकाळी आम्ही शेतात होतो. सडकेवरून चाललेल्या मोटारीचं चाक मोठा आवाज होऊन फुटलं. अण्णा सरीत पालथा पडला आणि तोंड मातीत खुपसून राहिला. हात लावला की अंग लाकडासारखं. वैनी त्याच्या अंगावर आपल्या पदराची सावली धरून उन्हात बसली. ऊन कललं, गडी कामं आटपून गेले, तरी तो उठेना. सांज होता होता त्यानंच हळू आवाजात पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी वैनी पेठेत गेली. भर बाजारात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, पुरुषांच्या मागं त्या गजांच्या खिडकीशी उभी राहिली. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी?"

"घरधन्यासाठी," ती म्हणाली.

तेव्हापासून दर बाजाराला ती जाऊ लागली. पुडी आपल्याजवळ ठेवायची आणि संध्याकाळी थोडा चुरा त्याच्या हातावर द्यायची, जास्त नाही. एवढ्यावर तो झोपायचा, आणि सकाळी उठून चार कामंही करायचा. पहिल्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. पण माणसात होता. त्याच काळात त्यानं गोठ्याची मोडकी भिंत एकट्यानं बांधून काढली, आणि वैनी येणाऱ्याजाणाऱ्याला ती भिंत दाखवायची.

पुढं सत्याग्रहाचे दिवस आले. दारूच्या, गांजाच्या दुकानांपुढं बायका धरणं धरून बसू लागल्या. गांजानं जिचं घर बसलं ती बाई म्हणून त्या पहिल्यांदा वैनीकडं आल्या. तुम्ही पुढं व्हा, तुमचा शब्द लागेल, म्हणाल्या.

"दुकान बंद झालं तर हे पुन्ना परसात लावतील," वैनी म्हणाली. "पुन्ना गाडी येईल. मी न्हाई येत."

त्या बायका चांगल्या घरच्या होत्या आणि मनापासून काम करत होत्या. पण त्यानंतर हळदीकुंकवाला वैनीला कुणी बोलावलं नाही. गांजा आणणारी बाई असं तिच्या पाठीमागं म्हणत. माझ्या सासूबाईही म्हणत, आणि मी तिथून उठून जाई.

अण्णा खोकल्यानंच गेला. छाती भरत गेली आणि एका सकाळी तो उठला नाही. तुरुंगातला गारठा भोवला की चिलमीचा धूर, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर वैनी आपणहून धरण्याला गेली. मी सोबत होते. बायकांनी तिला मधोमध बसवलं. दुपारी एक म्हातारा आला. अंगावर लष्कराचा विटका कोट, एक बाही रिकामी. बायका म्हणाल्या, "बाबा, परत जा. सोडा हे व्यसन." तो हात जोडून उभा राहिला. "मला जाऊ द्या मावशी. हात न्हाई तिथंच ठणका लागतो," म्हणाला. कुणी सरकेना. वैनीनं त्याच्याकडं बघितलं, मग आपले पाय जवळ ओढून घेतले आणि बाजूला सरली. त्या फटीतून तो आत गेला.

बायका चिडल्या. एक जण म्हणाली, "मग आलीस कशाला?"

"मला दुकान बंदच पायजे हुतं," वैनी म्हणाली. उठली, लुगडं झटकलं आणि घराकडं चालू लागली. वाटेत ती रडली. अण्णाच्या मरणातही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

ती जाऊन आता तीन-चार पावसाळे झाले. परवा जेवताना माझा मुलगा सांगत होता की आता स्वराज्य येणार, दारू-गांजा सगळं कायद्यानं बंद होईल. सून म्हणाली, बंद केल्यानं लोक चोरून करतात, त्यापेक्षा मोकळं ठेवावं आणि सरकारनं नजर ठेवावी. दोघांची बरीच वादावादी झाली. मग मुलानं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, तुझ्या मामीला विचारायला हवं होतं. पण तिलाही ते सांगता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे. झाडं उपटावी असं तिला वाटत होतं, आणि त्यांच्यासोबत माणूस उपटला जाऊ नये असंही. तेवढं करणारा कायदा तिला कुठल्याच राज्यात भेटला नाही.