उशिरा सोडलेला पास

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये माझ्याइतकं जोरात पळणारी कुणी नव्हती. तरी पुढे खेळायची माझी जागा पेठ तालुक्यातून आलेल्या एका मुलीला मिळाली.

खोट माझ्यातच होती. पास सुटतो त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे असलात, की ऑफसाइड. मला दम निघायचा नाही. मी आधीच पळायचे आणि लाइनवरच्या पंचाचा झेंडा वर जायचा. ती माझ्यापेक्षा हळू, पण थांबायची. बचावपटूला खेटून अशी उभी, की जणू एसटीची वाट बघतेय. पास देणारीचा पाय बॉलला लागला, की निघायची.

सरांनी मला मागे घेतलं. "तू बॉल दे, गोल ती करेल."

हॉस्टेलवर आमच्या कॉट शेजारी-शेजारी. घरून आणलेले नागलीचे पापड ती मला आधी द्यायची. मी खायचे आणि आतून जळायचे.

नाशिकला एक सामना होता. एक-एक बरोबरी. बॉल माझ्याकडे आला, तिने माझ्याकडे पाहिलं, मी पास द्यायला पाय उचलला आणि ती सुटली. तेव्हाच पास द्यायला हवा होता. मी बॉल आणखी एकदा पायात खेळवला, ती पुढे निघून गेल्यावर सोडला. झेंडा वर. थोड्या वेळाने पुन्हा तसंच केलं.

"अगं, घाई कसली एवढी?" सर तिच्यावर ओरडले. तिला बाहेर काढून मला पुढे पाठवलं. शेवटी आम्ही हरलो.

परतताना बसमध्ये ती शेजारी येऊन बसली. "पहिल्यांदा वाटलं, तुझं चुकलं असंल. दुसऱ्यांदा कळलं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पास तर तू दिलाच व्हता."

मला लय बोलली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी मीच सरांना खरं सांगितलं. त्यांनी मला दोन सामने बाहेर बसवलं. त्यांतल्या पहिल्याच सामन्यात तिने दोन गोल केले, दुसऱ्याच कुणाच्या पासवर. मी बाकावरून टाळ्या वाजवल्या. पोटात मात्र दुखतच होतं.