नाकसाहेबांचे तीन दिवस

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं नाकाची नोकरी केली. भाज्या आणि फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात ते परीक्षक होते. प्रत्येक खेपेतले चार डबे त्यांच्यासमोर फोडले जात. ते डोळे मिटून दीर्घ श्वास घेत आणि 'चालेल' किंवा 'फेका' एवढंच म्हणत. कारखान्यात प्रयोगशाळाही होती, पण तिचा अहवाल दुसऱ्या दिवशी येई आणि तोवर बाबांचा निकाल गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक झालेला असे. तिथे त्यांना नाकसाहेब म्हणत. घरीही ते त्याच हुद्द्यावर होते, फक्त इथे निवृत्तीचं वय ठरलेलं नव्हतं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दर महिन्याला त्यांना डब्यांचं एक खोकं घरपोच येऊ लागलं. वाटाणे, मका, अळंबी, अननस, मासे. डबे असे दांडगे की एक फोडला तर आम्हा चौघांना चार दिवस संपता संपत नसे. उरलेलं त्याच डब्यात राही. पत्र्याचं झाकण मागे वाकवायचं, वर बशी पालथी घालायची आणि फ्रिजमध्ये जागा नसली तर डबा खिडकीत ठेवायचा. पुन्हा वापरायच्या आधी तो बाबांपुढे नेला जाई. ते डब्यावर वाकत आणि आम्ही निकालाची वाट पाहत उभे. दहातून नऊ वेळा 'चालेल'च असे, कारण फेकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. डबा त्यांचा, नाक त्यांचं, पोटं तेवढी आमची.

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात अळंबी खाऊन मी अंथरूण धरलं. बाबा दारातूनच म्हणाले, "माहेरची पोटं नाजूक दिसतात." पुढे माझं पोट अगदी सासरचं झालं, म्हणजे बाकीच्यांबरोबरच बिघडू लागलं. दर महिन्या-दीड महिन्याला घरात कुणी ना कुणी आडवं होई. कोपऱ्यावरचे डॉक्टर आम्हाला फोनवर आवाजावरून ओळखत. दोष कधी हवेला, कधी पाण्याला, तर कधी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कँटीनला. डब्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. ते काढणं म्हणजे बाबांच्या नाकावर अविश्वास दाखवणं.

मागच्या वर्षी बाबांना ताप आला. आठ दिवस झोपून होते. नवव्या दिवशी उठले आणि त्यांनी फ्रिज रिकामा करायला घेतला. बाजारातून काचेच्या बारा बरण्या, चिकटपट्टीचा रोल आणि मार्कर आणला. संध्याकाळी कायदा जाहीर झाला. फोडलेल्या डब्यात काही ठेवायचं नाही. उरलेलं लगेच काचेच्या बरणीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं, फोडल्याची तारीख चिकटवायची आणि बरणी फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. दारात नाही आणि ओट्यावर तर घटकाभरही नाही. तीन दिवसांनी फेकायचं. अननसासारख्या आंबटाला पाच दिवसांची सवलत, माशांना दोनच. काढायला चमचा कोरडा. आणि फुगलेला डबा फोडायचाच नाही.

"पण तुम्ही वास घ्या ना, बाबा," माझा नवरा म्हणाला.

"प्रत्येक फुटकळ वाटाण्याला काय नाक लावत बसू?"

म्हातारपणाचं खूळ म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस मी दुकानात गेलेली असताना दूध करपलं. शेजारीण दार ठोकून सांगायला आली, तेव्हा मीही जिना चढत होते. बाबा ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. "काय गं, काय झालं?" त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या खोलीतून धावत आल्या. त्यांनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि खिडकी उघडत म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं." त्या क्षणी आईंना आणि मला कळलं, आणि दोघींनीही ते तोंडातून काढलं नाही. त्या माणसाने आयुष्यात कमावलं होतं ते हे नाक एवढंच. मला त्यांची दया आली, आणि ती आल्याची लाजही वाटली.

परवा कारखान्यातली नवी परीक्षक घरी आली. बाबांच्या जागेवर तिला नेमलंय. तिने पिशवीतून वाटाण्याचा एक फोडलेला डबा काढला. एका वसतिगृहाने तक्रार केली होती आणि त्या खेपेच्या गाड्या गेटवर अडवून ठेवल्या होत्या.

"अहवाल उद्या येईल, साहेब. पण मॅनेजर म्हणाले, नाकसाहेबांनी 'चालेल' म्हटलं तर गाड्या आत्ता सोडू."

बाबांनी डबा हातात घेतला, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. आत काहीही पोचत नाहीये हे मला ठाऊक होतं. डब्याच्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला. एक शब्द बोलले असते तर चौतीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती.

"हा फोडला कधी?" त्यांनी डोळे उघडले.

"दोन दिवसांपूर्वी. वसतिगृहातच."

"आणि तेव्हापासून ह्यातच आहे? फ्रिजमध्ये?"

"नाही, गाडीत. पण झाकून ठेवला होता."

बाबांनी डबा खाली ठेवला. "बाई, मला वास येत नाही. आठ महिने झाले. काहीच येत नाही. आणि येत असता तरी ह्या डब्यावरून काही सांगता आलं नसतं. गाड्या सोडू नका. न फोडलेले डबे तपासायला द्या आणि अहवाल येईपर्यंत थांबा."

तिचा चेहरा उजळला. "कळलं, साहेब! नुसत्या नाकावर विसंबू नकोस, असंच ना?"

"अहो, खरंच येत नाही."

"तुम्ही असंच शिकवायचा, असं सगळे सांगतात." तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि खुशीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मॅनेजरचा फोन आला. अहवाल वाईट होता, अख्खी खेप बाद झाली होती. नाकसाहेबांनी वाससुद्धा न घेता ती पकडली, असं आता कारखानाभर झालंय म्हणे. बाबा खुर्चीत येऊन बसले. एवढं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला तरी खरं वाटतं ना?" त्यांनी विचारलं.

"मला दूध करपलं त्या दिवसापासून ठाऊक आहे," आई उरलेला मका बरणीत भरता भरता म्हणाल्या.

"मग बोलली नाहीस ती?"

"कशाला बोलू? आठ महिन्यांत घरात एकाचंही पोट बिघडलं नाही."

बाबा ताठ झाले. "बघ! कायदा कुणाचा?" मग त्यांचा घास हातातच राहिला. "पण मग आधी का बिघडायची गं?"

आईंनी झाकण घट्ट केलं, तारखेची पट्टी चिकटवली आणि बरणी त्यांच्या हातात दिली.

"आधी तुम्हाला वास येत होता ना."