आपल्याच माणसांत

काकूंना शंभरदा बजावलं होतं, माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावायचं नाही. अमेरिकेत, एडिसनला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत होते आणि सीरियात केलेलं शूटिंग एडिट करत होते. जिहाद्यांशी लढणाऱ्या कुर्दी बायकांच्या तुकडीबरोबर मी आघाडीवर राहून आले होते. त्यातली एक कॅमेऱ्यासमोर चेहरा उघडा ठेवून बोलली, पण एका अटीवर. तिचे आईवडील जिहाद्यांच्या ताब्यातल्या गावात अडकले होते. ते सुटेपर्यंत तिचा चेहरा कुणालाही दिसता कामा नये. पोरगी लढतेय हे कळलं असतं, तर त्या दोघांचं काही खरं नव्हतं.

आणि एका सकाळी नागपूरहून माझ्या आईचा फोन. "अगं, काय गोड पोरगी आहे ती बंदूकवाली! लग्न झालंय का तिचं?"

मी फोन कट केला. तशीच वर धावले.

"काकू, तुम्ही व्हिडिओ काढलात?"

"अगं, काल चहा द्यायला आले, तर ही स्क्रीनवर हसत होती. म्हटलं, कौतुक करावं पोरीचं. बाहेर कुठे नाही हं पाठवला! आपल्याच माणसांत."

आपली माणसं! डोकंच फिरलं माझं. यांची आपली माणसं म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलची भाची, दुबईचा पुतण्या, इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या मावश्या, आणि मग त्या मावश्यांची आपली माणसं. एकेकाला फोन करून डिलीट करायला सांगा म्हटलं, तर बाई आधी तब्येत विचारणार, मग बर्फ किती पडलं ते, आणि मग व्हिडिओ. पुतण्याने तर 'नारीशक्ती' असं लिहून जगजाहीर पोस्ट टाकली होती. कप्पाळ माझं!

तिला कळवणं भागच होतं. आमच्या दुभाष्याला फोन लावला. त्याने तिला सांगितलं. काकू रडवेल्या होऊन माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ती म्हणतेय, राहू दे आता चेहरा," दुभाष्या म्हणाला. "मागच्या आठवड्यातच तिच्या आईवडिलांना मारलं. झाकायचा कुणासाठी?"

मी फोन ठेवला.

"काय म्हणाली गं?" काकूंनी विचारलं. "चालेल ना तिला?"

"हो काकू," मी म्हटलं. "चालेल म्हणाली."