कमरेचा विळा

गावच्या जमिनीखाली पाणी कुठं आहे ते बघायला भूजल खात्याच्या मॅडम आल्या, तेव्हा मापाची दोरी धरायला त्यांनी मला रोजंदारीवर बोलावलं. त्यांच्याकडं दोन यंत्रं होती. पहिलं चुंबकाचं, ते खालचं लोखंड आणि काळा दगड ओळखायचं. दुसरं जमिनीत लहरी सोडून ओल बघायचं. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही यंत्रं एकाच जागी बोलली तरच जागा खरी. अंगावर लोखंड असेल तर काढून ठेवा."

पिना, किल्ली सगळं काढलं. कमरेचा विळा काढला नाही. आठच दिवस झाले होते, दिरानं बांधाच्या भांडणात केस धरून माझं तोंड ढेकळांत दाबलं होतं. तेव्हापासून विळ्याशिवाय मी बांधाकडं जात नव्हते. हे मॅडमना सांगायची लाज वाटली. वरून पदर घेतला आणि दोरीचं टोक धरून बांधावर उभी राहिले.

यंत्र माझ्याजवळ आलं की आकडे उडायचे. तीनदा तसंच झालं. मॅडमनी तिथं लाल झेंडी रोवली. "उद्या दुसरं यंत्र फिरवू. तोवर हात लावू नका."

दुपारपर्यंत यंत्राला बांधात धनाचा हंडा लागल्याची बातमी गावभर झाली. दीर कुदळ घेऊन आला, तेव्हा आमचे मालक, माझा नवरा, झेंडीपाशी खणतच होते.

"बांध माझा, हंडाबी माझा," दीर म्हणाला.

"मंग घेऊन दाखव की."

"वहिनी, ह्याला उठीव. न्हाईतर इथंच गाडतो."

कुदळीचा दांडा मालकांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. ते खड्ड्यात पडले. कुदळ परत वर गेली, ह्या वेळी लोखंडाकडून. मी विळा काढला आणि दिराच्या हातावर ओढला, कोपरापासून मनगटापर्यंत. कुदळ गळून पडली.

दीर टाके घालायला जालन्याला गेला. सकाळी दुसरं यंत्र फिरलं, तिथं काहीच बोललं नाही. मॅडमनी खड्ड्यातल्या रक्तावरच्या माशा बघितल्या.

"काल इथं कुणाजवळ लोखंड होतं का?"

मालक खांदा बांधून समोर बसले होते. मी खरं बोलले तर घरी काय होणार, हे मला माहीत होतं.

"माझ्याजवळ होतं."

मॅडमनी झेंडी उपटली.

घरी दार लावून मालकांनी चांगल्या हातानं मारलं, मग लाथांनी. तिसऱ्या लाथेला मी कमरेच्या विळ्यावरचा पदर बाजूला केला. ते थांबले.