मॅडमनी माझ्या लेकाला उलट्या बाजूला उभं केलं

शालिनी मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. कुरुंद्यात आमच्या अंगणात शिजवलेली हळद नुकतीच पसरली होती, वाफसुद्धा गेली नव्हती. सावली शोधत शहरातली कायद्याची पोरं आली आणि सरळ ताडपत्रीच्या कडेवर बसली. उठली तेव्हा सगळ्यांची बुडं पिवळी. मी म्हटलं, “काहून रे, इतके नवरदेव एकाच दिवशी? नवऱ्या कुठं हायेत?” पोरं लाजली. मागून येणाऱ्या मॅडम मात्र पोट धरून हसल्या, चपला काढून वाकल्या आणि विस्कटलेली हळद आपल्या हाताने सारखी करू लागल्या. म्हणून त्या दिवशी त्यांना चहा मिळाला. एरवी पाणीही दिलं नसतं.

संविधानाचा अर्थ कसा लावायचा, हे शिकवणारी फेलोशिप मॅडम चालवतात. निवडलेली पोरं वर्षभर त्यांच्याजवळ शिकतात, त्यातले काही दिवस गावात राहून. ती काय शिकतात ते मी ओट्यावर बसून ऐकलं. संविधानात जीविताचा हक्क लिहिला आहे. आता जीवित म्हणजे नुसता श्वास चालू असणं, की प्यायचं पाणी, दवाखाना, इज्जतीनं राहणं हेही त्यात आलं? यावर पोरं कोंबड्यांसारखी झुंजत. आणि मॅडमचा नियम असा, की ज्याला जे पटतं त्याच्या उलट बाजू त्यानेच मांडायची. एक पोरगा रडकुंडीला आला, “मॅडम, मला हे पटतच नाही.” त्या म्हणाल्या, “म्हणून तूच मांड. समोरच्याच्या जागी बसून बघ जरा.” जेवताना पहिली गरम भाकर मात्र त्याच्याच ताटात टाकली. मॅडमची माया अशी, आधी रडवणार, मग वाढणार.

माझी नात आरती तेव्हा बारावीला होती. त्या दिवसांत ती चुलीपाशी कमी आणि दारापाशी जास्त. पुढं परभणीला एसटीने जाऊन-येऊन कायदा शिकली आणि गेल्या साली त्याच फेलोशिपला निवडली गेली. माझा लेक माधव म्हणाला, “वर्षभर शहरात? न्हाई म्हंजे न्हाई.” आरतीने जेवण सोडलं. मलाही ती जावी असं काही वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांत थेंब तीच टाकायची.

मॅडम स्वतः घरी आल्या. मला वाटलं, आता भाषण देतील. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, “माधवराव, तुमचं बरोबरही असेल. पण आमची एक रीत आहे. आरतीने जावं, ही बाजू तुम्ही मांडा. जाऊ नये, हे आरती मांडेल. निकाल मावशी देतील, तो मीही मानीन.” मावशी म्हणजे मी.

माधव गावात कुठल्या वादात हरलेला नाही. हरला असला तरी कबूल केलेलं नाही. “पोरीपुढं हरतो का मी?” म्हणत उभा राहिला.

आरतीने सुरुवात केली. “आजीच्या डोळ्यात थेंब कोण टाकील? हळदीच्या काढणीला आई एकटी कशी पुरंल? एसटीला उशीर झाला तर पप्पा फाट्यावर येऊन उभे राहतात. मी शहरात गेले तर त्यायला झोप येईल का?” एकेक गोष्ट खरी. एकही मुद्दा तिने जाणूनबुजून कच्चा ठेवला नाही.

माधव चवताळला. “थेंब मी टाकतो की! मला हात न्हाईत का? काढणीला बाया लावू. आन् पोरीचं जीवित म्हंजे काय नुसतं भाकरी थापून श्वास घेणं हाय? निवड तिची झाली, तिच्या बुद्धीवर झाली! अशा पोरीला घरात डांबणारा बाप म्हंजे...” इथं तो थांबला. तो बाप कोण, हे त्याच्या ध्यानात आलं.

कोणी हसलं नाही. मग मीच हसले.

“मावशी, निकाल द्या. कारणासकट,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “पोरगी जाईल. बाप चांगला बोलला म्हणून न्हाई. जी सोताच्या इरुद्ध इतकं खरं बोलून राहिली, तिला घरात ठिवून काय लोणचं घालू?”

“माय, हे बराबर न्हाई! मला फसवलं!”

“अपील करा,” मॅडम म्हणाल्या.

“करतोच!” माधव म्हणाला. पण आरतीची बॅग त्यानेच गाडीला बांधली आणि वसमतला जाऊन तिला एसटीत बसवलं. थेंबही आता तोच टाकतो. निम्मे गालावर जातात.

मॅडमनी यंदा साठी गाठली. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात मोठमोठे वकील लिहितील, त्यात माझी लुडबुड नको. मी एवढंच सांगते, की मॅडमनी आमच्या घरात एकदाही आवाज चढवला नाही, माझ्या लेकाचा मात्र पुरेपूर चढू दिला.

त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, साखर ताब्यात राहो. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. आरतीची धाकटी बहीण आठवीत आहे, तिलाही वकील व्हायचं आहे, आणि माधव आत्तापासून म्हणून राहिला, “हिला मातर मी न्हाई पाठवणार.” तेव्हा मॅडम, तब्येत सांभाळा. आमच्या घरातलं तुमचं काम अजून निम्मंच झालंय.